हाय कॉम्प्रेशन इंजिन आणि नागपूरचा उन्हाळा

मोटारीचे इंजिन स्वतःच्या हाताने खोलावे, त्यातील प्रत्येक भाग मोजावा आणि पुन्हा बांधताना ते मूळच्यापेक्षा अधिक कार्यक्षम करावे, ही इच्छा यंत्र अभियांत्रिकीच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात कधी ना कधी येते. त्यासाठी सर्वांत आधी आठवणारा मार्ग म्हणजे इंजिनाचे ‘कॉम्प्रेशन’ वाढविणे. वाहनदुरुस्तीच्या व्यवहारात हा शब्द इतका रुळला आहे की, संपीडन हा त्याचा पाठ्यपुस्तकी पर्याय कार्यशाळेत क्वचितच कानी पडतो. हेड थोडे घासून घेतले की कॉम्प्रेशन वाढते आणि कॉम्प्रेशन वाढले की ताकद वाढते, असा सोपा समज त्यामागे असतो. समज चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वाढविलेले संपीडन कोणत्या इंधनावर आणि कोणत्या हवेत चालणार, हा प्रश्न त्यातून सुटतो. नागपूरसारख्या शहरात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही, तिथे हा प्रश्न पिस्टनच्या आयुष्याशी जोडलेला असतो.

संपीडन गुणोत्तर म्हणजे काय?

पिस्टन सिलिंडरच्या तळाशी असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, तिला पिस्टन सर्वांत वर गेल्यावर उरणाऱ्या जागेने भागले असता येणारा आकडा म्हणजे संपीडन गुणोत्तर. दहा भाग हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबून एका भागात बसविले, तर ते गुणोत्तर दहास एक. मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके जळाल्यानंतर ते अधिक प्रसरण पावते आणि उष्णतेचा अधिक वाटा कामात रूपांतरित होतो. धुराड्यावाटे वाया जाणारी उष्णता तेवढी कमी होते.

ही कल्पना इंजिनाइतकीच जुनी आहे. फ्रेंच अभियंता आल्फोन्स बो द रोशा याने १८६२ मध्ये चार टप्प्यांच्या चक्राची मांडणी केली, तेव्हाच प्रज्वलनापूर्वी मिश्रण शक्य तेवढे दाबले पाहिजे, असे त्याने नमूद केले होते. जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये हे चक्र प्रत्यक्षात चालवून दाखविले. त्याच्या इंजिनाचे गुणोत्तर अडीचच्या आसपास होते. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये ते चारच्या घरात होते. आजच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत दहा ते बारा हे आकडे सर्रास आढळतात आणि जपानच्या माझदा कंपनीने २०११ च्या सुमारास बाजारात आणलेल्या ‘स्कायॲक्टिव्ह’ मालिकेतील काही इंजिनांत ते चौदापर्यंत पोहोचले.

आकडा वाढत गेला, तसा त्यापासून मिळणारा लाभ मात्र कमी होत गेला. आदर्श ओटो चक्राच्या सूत्रानुसार गुणोत्तर चार असताना कार्यक्षमता सुमारे ४३ टक्के, ८.७ असताना ५८ टक्के, १०.५ असताना ६१ टक्के आणि बारा असताना ६३ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनात घर्षण, उष्णतेची गळती व अपुरे ज्वलन यांमुळे हे आकडे बरेच खाली येतात. परंतु त्यांचा कल तोच राहतो. पहिल्या काही पायऱ्या उंच असतात, पुढच्या ठेंगण्या होत जातात. नवशिक्याने इंजिन खोलण्यापूर्वीच हे लक्षात घेतलेले बरे.

अडथळा ‘ठोक्या’चा

संपीडन वाटेल तेवढे वाढविता येत नाही, याचे कारण ‘नॉकिंग’ हे आहे. मेकॅनिकच्या भाषेत ‘इंजिन ठोकते’. स्पार्क प्लगने पेटविलेली ज्योत दहनकक्षात क्रमाने पसरत जावी, अशी अपेक्षा असते. पण ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, तर तिथे दाब एकाएकी उसळतो आणि त्याच्या लहरी धातूवर आदळतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. या लहरी पिस्टनच्या माथ्यावरील वायूचा संरक्षक थर हलवून टाकतात, त्यामुळे उष्णता थेट धातूत शिरते. ठोका फार काळ चालला, तर पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगा तुटतात, गॅस्केट जळते आणि शेवटी पिस्टनला भोक पडते.

या दोषाचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याने पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या काळात केला. चालू असतानाच संपीडन कमी-जास्त करता येईल असे प्रायोगिक इंजिन त्याने तयार केले आणि प्रत्येक इंधनासाठी ठोका न होता गाठता येणारे सर्वोच्च गुणोत्तर मोजले. ठोक्याचे मूळ केवळ यंत्रात नसून इंधनातही आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे अमेरिकेत ऑक्टेन क्रमांकाची पद्धत रूढ झाली. ठोक्याला चांगला विरोध करणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० आणि अजिबात विरोध न करणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य गुण देऊन त्यांच्या तुलनेत इतर इंधने मोजली जाऊ लागली.

ऑक्टेन वाढविण्याच्या ध्यासाची एक काळी बाजूही आहे. १९२१ मध्ये जनरल मोटर्समधील टॉमस मिजली याला टेट्राइथाइल लेड मिसळल्यास ठोका थांबतो, असे आढळले. शिसेयुक्त पेट्रोलवर अधिक संपीडनाची इंजिने जगभर धावू लागली आणि त्यांच्या धुरातून शिसे हवेत व मुलांच्या रक्तात उतरत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये थांबली, जगातील शेवटच्या देशात ती थांबायला २०२१ उजाडले. संपीडनाचा आकडा इंधनापासून वेगळा काढता येत नाही, याचे हे सर्वांत महाग पडलेले उदाहरण म्हणावे लागेल.

नागपुरात धावलेले २८ गुणोत्तराचे इंजिन

अतिउच्च संपीडनाचे एक इंजिन नागपूरकरांनी रोजच्या वाहतुकीत पाहिले आहे, याची फारशी जाणीव कोणाला नसेल. ऑगस्ट २०१४ मध्ये शहरात स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी ‘हरित बस’ प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. पुढील काळात अशा बसगाड्यांचा ताफा शहरात आला आणि २०१८ मध्ये ही सेवा बंद पडली. बसच्या रंगाची, भाड्याची आणि बंद पडण्याच्या कारणांची चर्चा झाली. तिच्या इंजिनाची मात्र फारशी झाली नाही.

हे इंजिन डिझेल पद्धतीचे, म्हणजे स्पार्क प्लगविना, केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटविणारे होते. इथेनॉल असे सहजासहजी पेटत नाही. ठोक्याला विरोध करण्याचा त्याचा गुणच इथे अडचणीचा ठरतो. म्हणून अभियंत्यांनी दोन उपाय एकत्र केले. साधारण १८ च्या आसपास असणारे डिझेल इंजिनाचे गुणोत्तर त्यांनी थेट २८ वर नेले आणि इंधनात सुमारे पाच टक्के प्रज्वलनास मदत करणारी व वंगण देणारी द्रव्ये मिसळली. ‘ईडी-९५’ या नावाने हे इंधन ओळखले जाते. याच इंजिनात साधे पेट्रोल किंवा साध्या पेट्रोल इंजिनात हे इंधन घालून चालले नसते. गुणोत्तर, इंधन, इंजेक्टर आणि सिलिंडरची बांधणी हे सारे एकमेकांसाठी आखलेले होते. हौसेने इंजिन बांधणाऱ्याने यातून नेमका हाच बोध घ्यावयाचा असतो. एक आकडा बदलला की त्याच्याशी बांधलेले इतर चार आकडे तपासावे लागतात.

अभ्यासासाठी कोणते इंजिन?

शिकण्यासाठी इंजिन निवडताना ते साधे, स्वस्त आणि सुटे भाग सहज मिळणारे असावे. या कसोटीवर मारुती ८०० चे जुने कार्ब्युरेटरयुक्त इंजिन आजही उतरते. डिसेंबर १९८३ ते २०१४ च्या आरंभापर्यंत या गाडीचे उत्पादन झाले आणि तिच्या इंजिनाशी परिचय नसलेला मेकॅनिक विदर्भात शोधूनही सापडणार नाही. तीन सिलिंडर, ७९६ सीसी क्षमता, ६८.५ मिलिमीटर बोअर व ७२ मिलिमीटर स्ट्रोक, वर पट्ट्याने फिरणारा एकच कॅमशाफ्ट आणि डिस्ट्रिब्युटरवर चालणारे इग्निशन असल्याने संगणक मध्ये न येता प्रत्येक बदलाचा परिणाम कानाला व डोळ्यांना कळतो.

भंगारातून इंजिन घेताना मात्र त्यावरील क्रमांक, मूळ गाडीची कागदपत्रे व पावती यांची खात्री करून घेणे आवश्यक असते. ओतकामाला तडा गेलेला नाही आणि पूर्वी कोणी हेड घासलेले नाही, हेही पाहावे लागते. आधीच एकदा घासलेल्या हेडवर केलेले सारे हिशेब पहिल्या पायरीवरच चुकतात.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतून आणखी एक मदत मिळू शकते. संपीडन बदलता येणारे एक सिलिंडरचे इंजिन अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत असते. सांगलीची ॲपेक्स इनोव्हेशन्स ही संस्था किर्लोस्कर इंजिनावर आधारित अशी चाचणी यंत्रणा बनविते. त्यात सिलिंडरचा ठोकळा किंचित तिरपा करून, इंजिन न थांबविता गुणोत्तर बदलता येते. रिकार्डोने केलेला प्रयोग एका तासिकेत पाहावयाचा असेल, तर याहून चांगले साधन नाही. जुने इंजिन खोलण्यापूर्वी या यंत्रणेवर गुणोत्तर पायरीपायरीने वाढवीत दाबाचा आलेख कसा बदलतो, हे पाहून घेतल्यास पुढचे काम डोळसपणे होते.

आधी मोजमाप, मग लेथ

या प्रकल्पाचा गाभा घासण्यात नसून मोजण्यात आहे. मारुतीच्या उदाहरणातच हिशेब मांडून पाहता येईल. एका सिलिंडरमध्ये पिस्टनने व्यापलेली जागा सुमारे २६५.३ सीसी होते. मूळ गुणोत्तर ८.७ धरले, तर पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी जागा सुमारे ३४.५ सीसी असली पाहिजे. गुणोत्तर १०.५ करायचे, तर ती २७.९ सीसीवर आणावी लागेल. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे साडेसहा सीसी कमी करायचे. चहाच्या सव्वा चमच्याएवढी ही जागा.

इथे सूक्ष्मतेचे महत्त्व ध्यानात येते. उरलेली जागा २८ सीसी असताना मोजणीत केवळ एका सीसीची चूक झाली, तर गुणोत्तर सुमारे ०.३५ ने इकडेतिकडे होते. दहनकक्षात जमलेली काजळीही जागा व्यापते, म्हणून ती आधी काढावीच लागते.

जागा मोजण्याची रीत साधी आहे. हेड उलटे ठेवून झडपा व स्पार्क प्लग बसवायचे, कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन वर भोक असलेली पारदर्शक ॲक्रिलिकची चकती दाबायची आणि ब्युरेटमधून रंगीत केरोसीन सोडून कक्ष भरायचा. ब्युरेटवर जेवढा आकडा उतरेल, तेवढे त्या कक्षाचे आकारमान. पिस्टनच्या माथ्यावरील खळगा आणि पिस्टन ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती खाली थांबतो, हेही अशाच प्रकारे मोजायचे. गॅस्केट दाबल्यानंतर राहणाऱ्या जाडीवरून त्याने व्यापलेली जागा काढता येते. या सर्वांची बेरीज म्हणजे उरणारी जागा. तिन्ही सिलिंडरांची मोजणी स्वतंत्रपणे करून त्यांतील फरक कमी करणे, हे गुणोत्तर वाढविण्याइतकेच मोलाचे काम असते.

याशिवाय सिलिंडरचा बोअर वर, मध्ये व खाली, तसेच आडव्या व उभ्या दिशेने मोजून तो शंक्वाकार किंवा लंबगोल झाला आहे का, हे पाहावे लागते. झिजला असेल, तर ओव्हरसाइज पिस्टनसाठी बोअरिंग करावे लागते. अर्धा मिलिमीटर बोअरिंग केल्यास क्षमता सुमारे ८०८ सीसी होते आणि उरलेली जागा तीच राहिल्यास गुणोत्तरही आपोआप ८.८ वर जाते.

हेड किती घासावे?

संपीडन वाढविण्याचे प्रचलित मार्ग चार : हेड घासणे, पातळ गॅस्केट लावणे, ब्लॉकचा पृष्ठभाग कमी करणे आणि उंच माथ्याचे पिस्टन बसविणे. पहिला सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत लोकप्रिय. पण त्याची मर्यादा हिशेबातूनच कळते. कक्षाचे तोंड पूर्ण बोअरएवढे असते असे मानले, तरी एक मिलिमीटर घासल्याने सुमारे ३.७ सीसी जागा कमी होते आणि गुणोत्तर ८.७ वरून फार तर ९.६ वर जाते. प्रत्यक्षात कक्षाचे तोंड बोअरपेक्षा लहान असल्याने लाभ याहून कमीच. त्यात १.२ ऐवजी ०.८ मिलिमीटर जाडीचे गॅस्केट लावले, तर आकडा दहाच्या आसपास पोहोचतो. त्यापुढे जायचे असल्यास पिस्टन बदलण्याखेरीज उपाय उरत नाही.

घासण्याचे दुष्परिणामही असतात. हेड खाली आले की कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या जवळ येतो, पट्टा सैल पडतो आणि झडपांचे टायमिंग एक-दोन अंशांनी मागे सरकते. झडप व पिस्टन यांच्यातील अंतर कमी होते. ते तपासण्यासाठी पिस्टनवर मऊ मातीचा तुकडा ठेवून, हेड बसवून, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवायचे आणि दबलेल्या मातीची जाडी मोजायची. आत येणाऱ्या झडपेपाशी दोन आणि बाहेर जाणाऱ्या झडपेपाशी अडीच मिलिमीटर अंतर असावे, असा कार्यशाळांचा सर्वसाधारण दंडक आहे. ही तपासणी टाळून केलेल्या घिसाईचा शेवट वाकलेल्या झडपांत होतो.

मेच्या दुपारचे आणि डिसेंबरच्या सकाळचे इंजिन

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. दाबल्यानंतर मिश्रण किती तापते, हे गुणोत्तरावर जसे अवलंबून असते, तसेच आत येणाऱ्या हवेच्या तापमानावरही. साध्या सूत्राने, इंजिनाची स्वतःची उष्णता आणि पेट्रोलच्या बाष्पीभवनाने होणारा गारवा बाजूला ठेवून, एक तुलना करून पाहू. गुणोत्तर १०.५ असलेल्या इंजिनात १५ अंश तापमानाची हवा शिरली, तर दाबाच्या शेवटी तिचे तापमान सुमारे ३१० अंश होते. ४५ अंशांची हवा शिरली, तर ते ३७१ अंशांवर जाते. बाहेरच्या ३० अंशांच्या फरकाचे आत ६१ अंश होतात.

यापेक्षाही बोलका आकडा पुढचा. काहीही फेरफार न केलेल्या, ८.७ गुणोत्तराच्या इंजिनात ४५ अंशांची हवा शिरल्यास शेवटचे तापमान ३३५ अंश येते. म्हणजे नागपूरच्या मेमधील दुपारी मूळचे साधे इंजिन आतून जेवढे तापते, तेवढे संपीडन वाढविलेले इंजिन डिसेंबरच्या सकाळीही तापत नाही. थंड प्रदेशातील पुस्तकांत व मासिकांत सुचविलेले गुणोत्तर जसेच्या तसे इथे उतरविणे किती धोक्याचे आहे, हे यावरून समजते. हिवाळी सुटीत बांधलेले इंजिन जानेवारीत निर्वेध चालते आणि एप्रिल उलटल्यावर ठोकू लागते, याचे गूढही यातच दडले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीमुळे नागपूरची हवा तीन-चार टक्के विरळ असते आणि ठोक्याला तेवढाच अल्प दिलासा मिळतो. पण उन्हाळ्याची भरपाई होण्याइतका तो नक्कीच नसतो.

म्हणून इंजिनाने बॉनेटखालची तापलेली हवा न घेता बाहेरची घ्यावी, अशी नळी बसविणे, रेडिएटर साफ करून घेणे, थर्मोस्टॅट व पंख्याची चाचणी घेणे आणि एक पायरी थंड जातीचे स्पार्क प्लग निवडणे, ही कामे संपीडन वाढविण्याच्या कामाचाच भाग समजली पाहिजेत. ठोका आलाच, तर इग्निशन दोन-तीन अंश मागे घेऊन तो थांबविता येतो. परंतु फार मागे घ्यावे लागले, तर संपीडनातून मिळविलेला लाभ त्यातच खर्ची पडतो.

पंपावरील पेट्रोल बदलले आहे

जुन्या पुस्तकांवर विसंबून राहता येत नाही, याचे दुसरे कारण इंधन हे आहे. भारतात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक किमान ९१ होता. २०२५ पासून देशभर मिळू लागलेल्या, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा तो किमान ९५ आहे. शिवाय बाष्पीभवन होताना इथेनॉल किलोमागे पेट्रोलच्या अडीच पट उष्णता शोषून घेते, त्यामुळे आत येणारे मिश्रण थंड होते. अधिक संपीडनासाठी ही दोन्ही वैशिष्ट्ये अनुकूलच आहेत.

प्रतिकूल बाजू कार्ब्युरेटरची आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. २० टक्के मिश्रणासाठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. पेट्रोलसाठी आखलेल्या जुन्या जेटमधून हे इंधन सोडल्यास मिश्रण सात-आठ टक्के ‘लीन’ होते. इंजिन ओढत नाही, झडपा तापतात आणि संपीडनाला दोष दिला जातो. जेट किंचित मोठा करणे, तसेच इथेनॉलने फुगणारे जुने रबरी नळ व पडदे बदलणे हाच त्यावर उपाय. इथेनॉलमध्ये उष्मांक कमी असल्याने लिटरमागे अंतर थोडे घटते, ते अधिक संपीडनाने काही अंशी भरून निघते.

बांधणी आणि पहिली सुरुवात

जुळणीत घाईला स्थान नसते. रिंगांच्या टोकांमधील फट बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००४ मिलिमीटर या हिशेबाने, म्हणजे या इंजिनात वरच्या रिंगेसाठी सुमारे ०.२७ मिलिमीटर ठेवतात. ती कमी राहिल्यास तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात. झडपा लॅपिंग करून केरोसीनने गळती तपासायची, बेअरिंगची फट मोजायची आणि हेडचे बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेतील क्रमाने, मधून कडांकडे, टॉर्क रेंचनेच आवळायचे. केवळ हाताच्या अंदाजावर आवळलेले हेड पुढे गॅस्केट जाळते.

सुरू करण्यापूर्वी प्लग काढून इंजिन स्टार्टरने फिरवायचे, म्हणजे ऑइलचा दाब तयार होतो. नंतर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजायचे. तिन्ही आकड्यांतील फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर इंजिन पुन्हा खोलणे शहाणपणाचे. पहिल्या तासांत वेग सारखा बदलत ठेवायचा, पूर्ण भार द्यायचा नाही आणि थोड्याच अवधीत ऑइल बदलून त्यातील धातूचे कण पाहायचे.

चालते इंजिन बंद खोलीत ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकता येत नाही, तेव्हा कोरड्या भुकटीचे अग्निशामक उपकरण हाताशी असावे. पेट्रोल साठविण्याचे नियम राबविणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना, योग्य भांड्यांत ठेवण्याची मुभा कायदा देतो. मात्र सुरक्षेच्या दृष्टीने प्रयोगापुरतेच इंधन जवळ बाळगणे इष्ट.

असे इंजिन गाडीत बसवून रस्त्यावर आणण्याचा मोह आवरावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा फेरफार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या संमतीविना करता येत नाही. इंजिन टेस्ट बेंचवरच चालवावे. स्पर्धेची हौस असलेल्यांसाठी विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धा आहेत. तिथे ७१० सीसीपर्यंतच्या इंजिनात बदल करता येतात, मात्र हवा २० मिलिमीटरच्या अरुंद मार्गातूनच घ्यावी लागते. ‘बाहा’ स्पर्धेत मात्र ठरवून दिलेल्या इंजिनाला हात लावता येत नाही.

किती मिळते, काय मिळते?

शेवटी हिशेब रोकडा मांडला पाहिजे. गुणोत्तर ८.७ वरून ९.६ वर नेल्यास आदर्श चक्राच्या हिशेबानेही कार्यक्षमता मूळच्या तुलनेत तीन टक्क्यांहून कमीच वाढते. ३७ अश्वशक्तीच्या इंजिनात ही वाढ फार तर एका अश्वशक्तीची. बोअरिंग, पिस्टन, गॅस्केट, हेडची घिसाई यांवर होणारा खर्च पाहता केवळ ताकदीसाठी हा उद्योग करणाऱ्याची निराशाच होईल. त्याच पैशात त्याला चांगल्या स्थितीतील मोठे इंजिन मिळू शकते.

शिकणाऱ्याचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. इंजिन खोलण्यापूर्वीचे कॉम्प्रेशन, इंधनाचा खप आणि टायमिंग यांची नोंद ठेवली, बांधल्यानंतर तीच मोजमापे जानेवारीत आणि पुन्हा मे महिन्यात घेतली, तर थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकातील सूत्र स्वतःच्या वहीत उतरलेले दिसते. नागपुरातील विद्यार्थ्याने पहिल्या प्रयत्नात साडेनऊ ते दहा या दरम्यान थांबावे, पंपावर मिळणाऱ्या इंधनावरच चाचणी घ्यावी आणि इग्निशनची अंतिम जुळणी डिसेंबरमध्ये न करता भर उन्हाळ्यात, दुपारी करावी. त्या दुपारी इंजिन भार घेऊनही ठोकले नाही, तर वर्षातील उरलेल्या कोणत्याही दिवशी ते सहसा ठोकणार नाही.